वाटीतल्या सहा गोळ्या

माझ्या सुनेनं सासूला गोळ्या जास्त घातल्या आणि सासू भ्रमिष्ट झाली, असं आमच्या गावात तीस वर्षांहून जास्त काळ बोललं जातं. ते खोटं आहे. गोळ्या मी वाढवल्या होत्या. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहू म्हटलं तर मी तिथपर्यंत पोचणार नाही. आजवर दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा बायकोच्या आजाराचं सगळं लिहिलं आणि सुनेपाशी आल्यावर वही मिटली.

ज्यांच्या घरात कंपवाताचं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील, ती त्यांच्याकडूनच घ्या. मी फक्त माझ्या घरात काय झालं तेवढं सांगतो. माझं वय ब्याऐंशी आहे. आता लाज राखून करायचं काय?

मिरज

हौसा, माझी बायको, तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होती. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी तिचा उजवा हात हलायला लागला. आधी अंगठा आणि शेजारचं बोट, चिमटीत तंबाखू चोळावी तसं. मग मनगट. ती हसण्यावारी न्यायची. शेजारणींना म्हणायची, "रवी बांधा गं माझ्या हाताला, ताक फुकटात घुसळून निघंल." मीही हसायचो. पुढे तिच्या हातून भरलेली कळशी पडली. चालताना ती पुढं झुकून बारीक पावलं घाईघाईनं टाकायला लागली, जसं कुणी मागून ढकलतंय. तेव्हा तिला घेऊन मिरजेला गेलो.

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. मग म्हणाले, "बाई, जरा हसा बघू."

"हसतीया की," हौसा म्हणाली.

मी समोरच होतो. तिचा चेहरा हलला नव्हता. हा चेहरा मी रोज बघत होतो. तो हसायचा कधी थांबला, ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची भीती म्हटली तर हीच. आजाराचं नाव त्यानंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, हा कंपवात, बरा होत नाही, पण बरीच वर्षं आवरून धरता येतो. पांढऱ्या गोळ्या दिल्या. आठवडाभर अर्धी अर्धी, मग एक एक, दिवसातून तीनदा. "तीनच्या वर नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. तोंडाला कोरड पडेल, घोट घोट पाणी द्या, दात सांभाळा. बोलण्यात घोटाळा व्हायला लागला किंवा नसलेलं दिसायला लागलं, तर लगेच घेऊन या.

मी "येस सर" म्हणालो. मी फौजेत होतो. पलटणीच्या दवाखान्यात अठरा वर्षं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, गोळ्या वाटल्या. पेन्शनीवर घरी आल्यावर गाव मला कंपौंडर म्हणायला लागलं, आणि काही जण डॉक्टर. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही.

परतीच्या एस.टी.त मी हौसाला म्हणालो, "हात हलतोय, आन् ह्यो गडी म्हनतोय दात सांभाळा."

ती म्हणाली, "म्हनंना का. सांभाळू."

आमची पद्धत

गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात. फौजेतली पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप. रोज सकाळी त्या दिवसाच्या गोळ्या मी पितळेच्या वाटीत काढून ठेवायचो. देण्याचं काम शालनचं.

शालन माझी सून. मुलगा फौजेत, तेव्हा आसामकडं होता. ती खटाव तालुक्यातली, वडूजच्या बाजूची, कोरडवाहू मुलखातली. शाळेत गेलेली नव्हती. कामाला वाघ आणि बोलायला कमी. हौसाला गोळी गिळताना त्रास व्हायचा, म्हणून शालन ती गुळात चुरून द्यायची.

गुळाचं आधी सांगितलं पाहिजे. आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडच्या खाली. ऊस आमचा, गुऱ्हाळ भावकीचं. घरात पाऊल टाकणाऱ्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि मग तांब्या. उन्हातून आलं, गूळ. चक्कर आली, गूळ. हौसाच्या तोंडाला कोरड पडायला लागली, तेव्हा मी काय सांगितलं असेल? गुळाचा खडा तोंडात धरायला. दिवसातून दहा-बारा वेळा. तिची जीभ मंद झाली होती. खडा गालात तसाच बसायचा. तोंडात लाळ नाही, आणि दाताला गूळ चिकटलेला. हे मला आज कळतं. पलटणीत अठरा वर्षं काढून तेव्हा कळलं नाही.

दुसरी गोष्ट मिशरीची. आमच्याकडच्या बायका भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला घासतात, हौसाही लहानपणापासून घासायची. मिशरी वाईटच, पण त्या निमित्तानं दिवसातून तीनदा तिचं बोट हिरडीवरून फिरायचं आणि चूळ भरली जायची. हात ऐकेना झाला तसं बोट डोळ्यात जायचं, नाकात जायचं. तिनं सोडून दिलं. त्यानंतर तिचं तोंड कुणीच साफ केलं नाही. शालन एकदा म्हणाली होती, "मी फडकं फिरवू का आत्याबाईंच्या दातावरनं?" मी म्हणालो, "सासूच्या तोंडात बोटं घालनार व्हय तू? लोक हसत्याल."

पाहुणे

धाकटी मुलगी सुमन लग्नाला आली होती. तासगावकडचं चांगलं स्थळ बघायला येणार होतं. मध्यस्थानं मला कट्ट्यावर बाजूला घेतलं. "मुलीची आई थरथरती, ह्ये त्यांच्या कानावर गेलं तर माघारी जातील. म्हनतील, रक्तातलं हाय."

पाहुण्यांना आठ दिवस होते. मी वाटीत चार गोळ्या टाकल्या. दोन दिवसांनी पाच. मग सहा.

सहाव्या गोळीच्या दिवशी शालन वाटी घेऊन परत माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली.

"मामा, आज सा हायत."

"मोजाय कवापासनं शिकलीस?"

"धा पातूर येतंय की मला."

"मग अकरावं मला शिकवू नगंस. दे जा."

ती गेली. तिनं दिल्या. एवढंच झालं. या पाच वाक्यांवर तिचं आयुष्य अडलं, म्हणून जशीच्या तशी लिहिली.

पाहुणे आले त्या दिवशी हौसाचा हात जवळजवळ स्थिर होता. तिनं पोह्यांच्या बशा आपल्या हातानं दिल्या. मी खांबाला टेकून बघत होतो आणि माझी छाती फुगली होती. मुलाची आई म्हणाली, "विहीनबाई लय शांत हायत." हौसा शांत होती, कारण तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. वैशाखातली तिथी धरायचं ठरलं. मी मनाशी म्हणालो, लग्नापर्यंत सहाच चालू ठेवू.

पंगत

दीड महिन्यात तिचं सगळं बदललं. उजेडाचा त्रास व्हायला लागला. दारातून ऊन आलं की ती डोळे मिटून घ्यायची. भाकरी पुढं केली की हात ढकलायची. गरम चहा तोंडाला लागला की डोळ्यांतून पाणी यायचं. चेहरा मात्र कोराच, त्यामुळे दुखतंय की रुसली आहे, ते कळायला मार्ग नव्हता. मी धरलं, रुसली आहे. ओरडायचो.

एका दुपारी ती सोप्यात बसली होती. एकदम म्हणाली, "आवं, पंगत खोळांबलीया. वाढा की."

अंगणात कुणी नव्हतं. दोन कोंबड्या होत्या.

"कोन हाय तितं?"

"आंधळं झालासा व्हय? पंधरा-वीस मानसं बसल्यात. वरनला मीठ न्हाई म्हनत्यात."

शालन आतून पातेलं घेऊन आली, अंगणात गेली आणि मोकळ्या जागेत एकेक पळी वाढल्यासारखं करत पुढं सरकली. "बसा, बसा, सावकाश हू द्या," असंही म्हणाली. हौसा निवांत झाली. मी शालनवर तडकलो, "तू बी येडी झालीस का?" ती म्हणाली, "मग काय करू? त्यास्नी उपाशी ठेवू?"

गावात दोन मतं झाली. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी डोक्यावर परिणाम झाला म्हणालं. मला तिसरं माहीत होतं. डॉक्टरांचे शब्द आठवत होते. नसलेलं दिसायला लागलं तर लगेच या. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी गोळ्या विचारल्या असत्या. मी घरातल्या घरात फेऱ्या मारायचो. पेटीचं कुलूप उघडायचो, गोळ्या मोजायचो, पुन्हा लावायचो. कमी कराव्यात तर हात हलणार. वैशाखाला तीन महिने होते.

शालनच पुन्हा म्हणाली, "मामा, आत्याबाईंच्या तोंडाला लय वास येतोया. डाव्या दाढंपशी हात लावू देत न्हाईत. दाढ ठनकत असंल."

"आजार वाढलाय त्यो."

चार दिवसांनी हौसाचा डावा गाल सुजून डोळा बारीक झाला आणि ताप चढला. तिला घेऊन मी सांगलीला गेलो. मिरजेला नाही. का, ते वर लिहिलं आहे.

सांगली

सांगलीत एका जैन डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. उतारवयाचे गृहस्थ. दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणून पाचला दार लावायचे. आम्ही साडेचारला पोचलो. तरी त्यांनी हौसाला खुर्चीत बसवलं. शालननं मागून तिचं डोकं पोटाशी धरलं.

डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं. मग जिभेवर बोट टेकवलं. बोट कोरडंच निघालं.

"किती वर्षांपासून दात असे आहेत?"

"गेल्या श्रावणापर्यंत चांगले होते," मी म्हणालो. ते खरं होतं. तिनं ऊस दातानं सोललेला मी पाहिला होता.

"सहा महिन्यांत सात दात मुळाशी किडलेत. खाली गळू आहे. गोड काय देता?"

"गूळ."

"किती?"

शालन म्हणाली, "तोंड वाळलं की देतो."

त्यांनी हौसाच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या होत्या, आणि मोठ्याच राहिल्या. "कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत ना? दिवसाला किती?"

"तीन," मी म्हणालो.

"तीन गोळ्यांवर कोरड पडते, मी बघितली आहे. हे कोरडेच्या पुढचं आहे. जिभेचं चामडं झालंय. गोळ्या कोण देतं?"

"सूनबाई देते."

एवढे शब्द तरी खरे होते. डॉक्टर शालनकडं वळले. "किती देता बाई तुम्ही?"

शालननं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात परक्या माणसासमोर सासऱ्याचा शब्द सुनेनं खोडायचा नाही, ही रीत. ती रीत तिच्यापेक्षा मला चांगली ठाऊक होती. ती थांबली होती. मी बोलावं म्हणून थांबली होती.

मी म्हणालो, "तिला लिहिता-वाचता येत नाही, डॉक्टर. मोजण्यात चुकत असेल."

बस. हेच ते वाक्य. शालननं खाली बघितलं. हौसाचं डोकं तिनं सोडलं नाही.

डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. उलट हळू आवाजात सांगितलं, "असं होतं. पण गोळ्या तुमच्या मनानं एकदम बंद करू नका. ही चिठ्ठी घेऊन उद्याच मिरजेला जा. ते गोळ्या आवरतील, ताप उतरवतील. मग मी दात काढतो. एका वेळी दोन-तीन, जास्त नाही."

मी घाबरलो होतो. घरी आल्यावर मला वाटलं, उद्या रक्तातबिक्तात जास्तीच्या गोळ्या दिसल्या तर? दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो नाही आणि वाटीत एकही गोळी टाकली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी हौसा लाकडासारखी झाली. उचलून बसवली तर बसवली तशी राहायची. तिला पाणी गिळता येईना. गावातल्या जीपमधून तिला मिरजेला नेलं.

वॉर्ड

तिथल्या तरुण डॉक्टरनं केसपेपर लिहायला घेतला. जास्त गोळ्या कशा गेल्या, म्हणून विचारलं. मी सांगलीचं वाक्य पुन्हा म्हणालो. त्यानं इंग्रजीत लिहून घेतलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

हौसा सतरा दिवस तिथं होती. सकाळी सहाला झाडलोट, सातला नर्स, नवाला मोठे डॉक्टर. मधल्या वेळात मी कॉटच्या पायथ्यापासून खिडकीपर्यंत जायचो आणि परत यायचो. शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, "आवं बसा की. तुमच्या फेऱ्यांनी मला भवळ यायला लागली." मागच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांचं घर होतं. ते दिवसभर एकच तार छेडून बघायचे. गोळ्या हळूहळू तीनवर आणल्या, गळू फोडलं, ताप उतरला. आठव्या दिवशी हौसा माझ्याकडं बघून म्हणाली, "त्या बाबाला दुसरं गानं येत न्हाई का?" ती परत आली होती. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. बरं वाटून रडलो, आणि आता तिला सगळं आठवेल म्हणूनही.

नवव्या दिवशी शालनचे वडील तात्या आले. बरोबर त्यांचा मुलगा सर्जेराव. कुणीतरी गावाहून निरोप धाडला होता. तात्यांनी वॉर्डाच्या व्हरांड्यात डोक्यावरचं मुंडासं काढलं. मला वाटलं, घाम पुसतील. त्यांनी ते माझ्या पायांपाशी ठेवलं आणि डोकं टेकलं.

"पाव्हनं, पोरीला शिकवली न्हाई, ही चूक माझी. तिच्यावर डूख धरू नगा."

शालन भिंतीला टेकून उभी होती.

मी त्यांना उठवलं आणि म्हणालो, "असू द्या. झालं ते झालं."

ते तिला माहेरी घेऊन गेले. थोडे दिवस, असं ठरलं. सुमनच्या सासरचे लोक भेटायला आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. आजार फार मोठा नाही, सूनबाईकडून गोळ्यांची गफलत झाली. ते हळहळले. लग्न वैशाखातच झालं. सुमन, तू हे वाचशील. तुझ्या लग्नाचा खर्च मी केला, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या वहिनीनं त्यापायी काय दिलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

ब्रश

सांगलीच्या डॉक्टरांनी तीन खेपांत सात दात काढले. त्यांनी मला वेळ शिकवली. गोळी घेतल्यावर तासाभरानं हात आणि मान जरा ऐकतात, तेव्हा आणा. सकाळी आणा, माणूस दमल्यावर नको. खुर्ची पूर्ण मागं पाडायची नाही, पाणी घशात उतरतं. "नवीन औषध निघालं की आधी दात बघून घ्या," असं म्हणाले. गूळ बंद. हौसा म्हणाली, "गूळ सोड म्हन्त्यात. जीव सोड म्हना की सरळ."

उरलेले दात रोज दोनदा घासायचे होते. शालन नव्हती, सुमन सासरी गेली. राहिलो मी.

पहिल्या दिवशी तिनं माझं बोट चावलं. मुद्दाम की आपोआप, मला आजही माहीत नाही. मग हळूहळू जमलं. ती स्वतः धरू शकेल म्हणून ब्रशच्या दांड्यावर मी सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. मूठ तिच्या हातात, आणि तिच्या हातावर माझा हात. हात थरथरतोय तर थरथरू दे, घासायला तेच कामाला येतं, असं ती म्हणायची. घासून झालं की ओलं फडकं बोटाला गुंडाळून गालाच्या आतून फिरवायचो. तिथं घास साठलेला असतो. भात, डाळ, कधी अख्खी शेंग. तुमच्या माणसाच्या गालात बोट घालून बघा. किळस चार दिवस वाटते.

घासताना ती माझ्याकडं बघायची. तोंडात ब्रश असल्यामुळे तिला बोलता यायचं नाही. ब्रश काढला की रोज एकच विचारायची.

"शाली कवा येनार?"

"यील. तिला माहेरी राहावंसं वाटतंय."

सहा महिने ती विचारत राहिली. सातव्या महिन्यात एका सकाळी तिनं ओठ मिटून घेतले आणि ब्रश आत घेऊ दिला नाही. जेवणही घेतलं नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी वडूजच्या बाजूला पत्र टाकलं, शालनला धाडून द्या. पत्रात दुसरं काही लिहिलं नाही. लिहायला जागा होती.

शालन आली. सासूसमोर बसली आणि म्हणाली, "उघडा तोंड." हौसानं उघडलं.

पुढची वर्षं

एक-दोन वर्षांनी मोठ्या शहरांत नवं औषध यायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी ते मागवून दिलं, पांढऱ्या गोळ्या कमी केल्या. तोंडात लाळ परत आली, इतकी की उशी भिजायची. हौसा त्यावरही बोलायची. औषधाचा अंमल असेपर्यंत ती दोन-तीन तास जवळजवळ पहिल्यासारखी असायची, मग खुंटीला टांगल्यासारखी. त्या वर्षांत गोळ्या कुलपात राहिल्या नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेला कागद भिंतीला लावला होता. पुढं ती न्यूमोनियानं गेली. जाताना तिच्या तोंडात अकरा दात होते, सगळे शाबूत. ते शालनचं काम.

पण नळावर बायका शालनला काय म्हणायच्या, ते माझ्या कानावर यायचं. "हिच्या हातचं पानी नगं बाई, काय घालंल सांगता येत न्हाई." हसून म्हणायच्या. शालननं त्यानंतर घरात कुणालाही गोळी दिली नाही. तिची स्वतःची मुलं तापली, तरी बाटली घेऊन शेजारच्या मास्तरणीकडं जायची आणि तिच्या हातानं पाजून आणायची. आता माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं तेच. पट्टी आणि पाणी पुढ्यात ठेवते आणि उठून जाते. मी घेतली की नाही, हे दारातून बघते.

मी तेव्हा का बोललो नाही? आधी सुमनचं लग्न होतं. मग हौसाची तब्येत. मग मुलगा सुट्टीवर आलेला असायचा. मग इतकी वर्षं झाली की वाटलं, आता कशाला. तात्या गेले तेव्हा मी दिवसकार्याला गेलो, पहिल्या रांगेत बसलो, जेवून आलो.

खटाव

हे सगळं लिहून झाल्यावर गेल्या महिन्यात शालनला वाचून दाखवलं. इथपर्यंत. ती शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला नाही.

"झालं?"

"झालं."

"ह्ये वाचनार कोन, मामा? दवाखान्यात येनारी मानसं. चांगलंच हाय, त्यांच्या उपेगी पडंल." तिनं टरफलं गोळा केली. "माझ्या गावात कोन वाचनार हाय? सर्जादाकडं चला. तितं सांगा."

आम्ही एस.टी.नं गेलो, कराडहून वडूज, तिथून पुढं. चढता-उतरताना तिनं माझा दंड धरला. सर्जेराव आता सत्तरीला आला आहे. त्याच्या अंगणात भावकीतली चौघं-पाच माणसं होती. मला खुर्ची दिली. मी बसल्या-बसल्या सांगितलं. गोळ्या, पाहुणे, सांगलीचं वाक्य, केसपेपर.

सर्जेराव ऐकत होता. मग म्हणाला, "तात्यांनी तुमच्या पायावर डोकं ठेवलं तवा मी मागंच हुबा व्हतो. तुमी म्हनलासा, झालं ते झालं. म्हंजे तुमी आमाला माफ केलंसा."

"होय," मी म्हणालो. "केलं."

"लय उपकार."

कुणी हसलं नाही. त्यानं मान आतल्या बाजूला वळवली. "आता ह्येच उठून जरा मोठ्यानं सांगा. आई आत हाय. तिला ऐकू कमी येतंय."

मी उठलो. दाराची चौकट धरली. आत अंधार होता, कोपऱ्यात घोंगडीवर कुणीतरी बसलेलं दिसत होतं. पलटणीत हजेरी द्यायचो तितक्या मोठ्यानं मी म्हणालो, "गोळ्या मी वाढवल्या होत्या. शालननं मला विचारलं होतं. मीच तिला गप्प बसवलं आणि डॉक्टरांपुढं तिच्यावर ढकललं."

आतून आवाज आला, "कोन हाय गं?"

"माझं सासरं हायत, आये," शालन माझ्या मागून म्हणाली.

"काय म्हनत्यात?"

शालन माझ्या बाजूनं आत गेली, तिच्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "म्हनत्यात, माझी चूक नव्हती."

"ते मला ठावं हाय," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापाला सांगाय पायजे व्हतं."

मी चौकट धरून तसाच उभा राहिलो. बसा, असं कुणी म्हणालं नाही.